दगडावरची ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर हात थांबतो. आज थांबू द्यायचा नाही, एवढंच ठरवलंय.

गोष्ट तशी एका शब्दाची आहे. जपानी शब्दाची.

पण आधी ऑल्विनबद्दल सांगायला हवं. वसईचा. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात बँक्वेटला होता. अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मी पुस्तकं वाचणारा, अबोल. तो शर्टाला इस्त्री करता करता हँगरनं पलंगाच्या दांड्यावर ताल धरणारा. त्याचा जीव एका जपानी हेवी रॉक बँडवर होता. माणसं चारच, पण आवाज भिंत कोसळल्यासारखा. मला आधी ते सहन होत नसे. मग हळूहळू कळलं, त्या गोंगाटाच्या आत चाली आहेत — साध्या, गुणगुणता येतील अशा. म्हणूनच ती गाणी जपानात इतकी गाजली असावीत.

मी पुण्यात जपानी शिकलो होतो. परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, सर्वांत अवघड ती पहिली. मी खालून दुसरीवर अडकलो — म्हणजे खरं तर चौथीवर. सांगताना मात्र नुसतं ‘दुसरी पास’ म्हणायचो. खोटं होतं का ते? तेव्हा वाटायचं, अर्धंच आहे. दुबईत माझ्या ऑफिसात ड्रॉइंगवरचे जपानी शिक्के ओळखता आले की भागायचं. कुणी तपासलं नाही. ऑल्विननं तर नाहीच. तो मला ‘सेन्सेई’ म्हणू लागला. गुरुजी.

शनिवारी दुपारी तो हेडफोनचा एक कान मला द्यायचा. “बोला सेन्सेई, काय बोलतो हा?” मी डोळे मिटून ऐकायचो. दहातले तीन शब्द कळायचे. उरलेले सात मी घालायचो — चांगल्या मराठीत घालायचो, तेच तर वाईट. कुठे समुद्र, कुठे रिकामं स्टेशन. तो बँक्वेटच्या ऑर्डर पॅडवर सगळं उतरवून घ्यायचा. फोनवर अर्थ निघतो हे त्याला ठाऊक नव्हतं का? होतं. “मशीन काय पण बोलतं,” म्हणायचा, “तुम्ही शिकलेले आहात.”

त्याच्या सर्वांत लाडक्या गाण्याच्या शेवटी गायक एकच शब्द आठ वेळा ओरडतो. मी सांगितलं — ‘काएरानाइ’. मी परत येणार नाही. ऑल्विन इस्त्री बाजूला ठेवून पलंगावर बसला. त्याचे वडील चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचे. पोराच्या ड्रमचा आवाज त्यांना सैतानाचा वाटायचा. एके दिवशी त्यांनी त्याचे ड्रम अंगणात फेकले. त्याच दिवशी तो निघाला, हेच शब्द बोलून. “बघा सर,” तो म्हणाला, “हा पण माझ्यासारखाच.”

माझ्या पन्नाशीला त्यानं जपानहून त्या अल्बमची सीडी मागवली. ती वाजवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. “आतल्या पुस्तिकेसाठी घेतली,” म्हणाला. “सगळं कांजीत छापलंय.” कांजी म्हणजे त्यांची चित्रलिपी. “आमच्याकडे कांजी आजाऱ्याला देतात, सर. तुम्ही नीट प्या.”

तो ड्युटीवर गेल्यावर मी पुस्तिका उघडली. शेवटच्या शब्दातलं अक्षर मला येणाऱ्या थोडक्या अक्षरांपैकी होतं. बदलणं. शब्द ‘काएरानाइ’ नव्हता, ‘कावारानाइ’ होता. मी बदललेलो नाही. आता आधीच्या ओळीही उलगडल्या — गाण्यातला माणूस परत आलेला होता. दाराबाहेर उभा राहून आतल्यांना सांगत होता, की मी तोच आहे.

मी पुस्तिका मिटली. सांगायचं, तर ‘दुसरी’ ही चौथी होती हेही सांगावं लागलं असतं. आणि मग मला सेन्सेई कोण म्हणणार? एका गाण्यानं काय बिघडतं — असं मनाशी म्हटलं. दोन वर्षं म्हणत राहिलो.

मग वसईहून त्याच्या बहिणीचा, ग्लेंडाचा, फोन आला. डॅडी आता फक्त कांजी घेतात. ऑल्विनला रजा मिळाली. शनिवार होता. पलंगावर बॅग उघडी पडली होती, आणि तो तिच्याशेजारी नुसता बसला होता. मग त्यानं हेडफोनचा एक कान पुढे केला.

“सर, एकदा परत ऐका ना. लास्टचं. नक्की तेच बोलतो ना तो?”

त्याला अर्थ नको होता. त्याला जायला निमित्त हवं होतं. मला ते कळलं — हेच तर सांगायचंय, मला त्या क्षणी कळलं. मी डोळे मिटले. आठही वेळा ऐकल्याचं नाटक केलं. आणि म्हणालो, “तेच.”

“खलास मग,” तो म्हणाला आणि बॅगेची चेन लावली. रिकाम्या बॅगेची.

मंगळवारी वडील गेले. गाण्यावरून कुणी असा निर्णय घेत नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तो गाण्याला विचारत नव्हता. मला विचारत होता.

दहा महिन्यांनी एका लग्नाची टेबलं मांडताना ऑल्विन कोसळला, आणि उठला नाही. एक्केचाळीस वर्षांचा. त्याला घरी पाठवण्याचे कागद मी केले. कागदात मी चुकत नाही.

मग ग्लेंडाचा मला फोन आला. “सेन्सेई तुम्हीच ना? दर ख्रिसमसला आम्ही ये बोललो, की तो फोनवर ती लाइन बोलायचा. कबरीच्या दगडावर तीच टाकायची. फादर बोलतात, असलं कोण लिहितं? मी बोलले, त्याची लाइन आहे. तुम्ही हातानं लिहून पाठवा सर, स्पेलिंग मिस्टेक नको.”

एक शब्द बदलायचा होता. ‘मी बदललेलो नाही’ — फादरनाही चाललं असतं. पण मग ती विचारणार होती, हे तुम्हाला कधी कळलं? मी कोरा कागद घेतला. जुनीच ओळ लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं. फोटो काढून पाठवला.

महिन्याभरानं तिनं दगडाचा फोटो पाठवला. बापलेक एकाच थडग्यात आहेत. वर वडिलांचं नाव, खाली ऑल्विनचं, आणि त्याखाली माझं अक्षर, कारागिरानं वळणासकट उतरवलेलं. मी परत येणार नाही.

खाली तिनं लिहिलं होतं, ‘थँक यू सर, तुमचं अक्षर किती सुंदर आहे.’

मी उत्तर पाठवलं, ‘मेन्शन नॉट.’