उजवा पाय

कॅनडाची नागरिक होण्याची शपथ घ्यायची होती, त्या सकाळी माझा पाय घराबाहेर निघेना. सत्तरी ओलांडल्यावर आपलं सगळं दाराबाहेर ठेवून परक्या घरात शिरायचं म्हणजे काय, सांगा बघू.

सभागृहाच्या दाराशी माझ्यापुढे सोमालियाची एक बाई होती, रांगेतच ओळख झालेली. तिचा डावा पाय पुढे पडला. तो तिनं झटकन मागे घेतला आणि उजवा आत टाकला. मला लग्नातलं माप आठवलं. सासूबाई कानाशी म्हणाल्या होत्या, "उजवा गं, उजवा." मीही थबकले.

"आई, चल ना, मागे रांग लागलीय," मुलगा म्हणाला.

"थांब रे, पाय बदलू दे."

दारावरच्या गोऱ्या माणसाला वाटलं, म्हातारी अडखळली. त्यानं हात पुढे केला, मी तो धरला आणि उजवा पाय आत टाकला. पुढची बाई वळून माझ्या पायाकडे बघत हसली. कुठली ती, कुठली मी, पण दोघींच्या घरची शिकवण एकच निघाली.

मग शपथ घेताना आवाज कापला नाही. माप ओलांडताना माझा हात कुणी धरला नव्हता, या घरानं तो दारातच धरला. आणि सासूबाई तर माझ्याबरोबर आतच आल्या होत्या.