ब्रेकचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या भावाने डोंगरातल्या कच्च्या वाटांवर पळवायची मोटारसायकल घेतली, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत जो तो त्याला विचारायचा, "अरे, हयसर डोंगर खंय आसा?" मी म्हणायचे, डोंगर कशाला हवा, खड्डे आहेत की! बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. न विचारता गाडी घेतली म्हणून त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता, आणि बाबांचा अबोला म्हणजे महिनोन्महिने चालणारं काम.

गणपती तोंडावर आले आणि भावाच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. त्या गाड्यांच्या पुढच्या ब्रेकमध्ये दोष सापडला आहे, ब्रेक अचानक निकामी होऊ शकतो, गाडी चालवू नका, फुकट दुरुस्त करून देऊ. हा पठ्ठ्या तर मित्रांबरोबर याच गाडीवरून घाट उतरून गावी जायला निघालेला.

"गणपती झाले की देतो ना," तो मला म्हणाला. "ब्रेक मस्त लागतोय. कंपनीवाले उगाच घाबरवतात."

"स्वतःच्या मालाला खोट आहे असं कुठली कंपनी उगाच सांगेल रे?" मी भडकलेच. परळला माझ्या सासरी पोचेपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. राग नव्हता तो, भीती होती. आई रडून झाली. बाबा पेपर वाचत बसले होते.

निघायच्या दिवशी सकाळी मीही चाळीत गेले. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी गावाला निघत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. चाळीच्या चौकात गाडीवर बॅग बांधलेली, पुढे नारळ ठेवलेला. अबोला असला तरी गाऱ्हाणं बाबांनीच घालायचं होतं.

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा!" सगळा चौक म्हणाला.

"आज ह्यां तुझां लेकरू गावाक येवक निघालां आसा, तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या गाडयेच्या ब्रेकात खोट आसा, तां तुका ठाऊक आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाऊही म्हणाला. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं.

बाबांनी एकदा गाडीकडे पाहिलं. "तर ती गाडी दुरुस्त होयपर्यंत ह्यो तिच्यार बसाचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटच्या अक्षरावर भावाचं तोंड उघडंच राहिलं. चौकात कोणी हसलं नाही. बाबांनी नारळ फोडला, त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि जिना चढून वर निघून गेले.

भावाने खोबरं तोंडात टाकलं. मग त्याने बॅग सोडायला घेतली.

"म्हाराजाक व्हय म्हटलंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आता जाऊ खंय?"

दुपारी कंपनीचा टेम्पो येऊन गाडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे, गावच्या आमच्या वाडीतल्या मुंबईकरांनी मिळून ठरवलेल्या एसटीने निघालो. गणपतीच्या दिवसांत याला जागा कुठून मिळणार, ही मला काळजी. पण बाबांनी एसटी ठरवली तेव्हाच त्याची सीट धरली होती, स्वतःच्या शेजारची, आणि सोडली नव्हती. मी पलीकडच्या सीटवर होते.

घाटात एका वळणावर समोरून ट्रक आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. पाहते तर बाबांचा हात भावाच्या छातीवर आडवा, तो लहान असताना ठेवायचे तसा. एसटी पुन्हा सुरळीत चालू लागली. घाट संपेपर्यंत बाबांनी तो हात काढला नाही, आणि भावानेही तो बाजूला केला नाही.