टँक म्हणजे तलाव

"टँक म्हणजे तलाव? मग तुझा बाप रणगाड्यात जाळं टाकून राहिला काय?"

नववीचा वर्ग खो खो हसला. इंग्रजीचे सर आमच्याच गावचे, मालगुजारांचे, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, पुतणे. लढाईच्या धड्यात टँक आला, अर्थ त्यांनी मुद्दाम मलाच विचारला. ढिवराची पोर मी. पाणी साठतं ते टँक, एवढं ठाऊक होतं, म्हणून तलाव सांगितलं.

"बस खाली. हिच्या इंग्रजीलेही मच्छीचा वास येते."

मी बसले. अंगाची लाही लाही झाली, पण बसले.

आता त्या वासाचं सांगते. तलाव पूर्वी मालगुजारांचा, पण कधीचाच सरकारजमा झालेला. मासेमारीचा ठेका आम्हा ढिवरांच्या संस्थेकडे. तरी होळीच्या सुमारास पाणी उतरलं, जाळं पडलं, की पहिला मोठा मासा मालगुजारांच्या घरी फुकट जायचा. ढिवराच्या लेकीनं तो पाटीत घालून डोक्यावरून न्यायचा. मागच्या दारी उभं राहायचं, पायरी चढायची नाही. ती लेक मीच. मासळीचं पाणी वेणीतून पाठीवर उतरायचं. तोच मासा खाऊन सर शाळेत यायचे, आणि वास माझा काढायचे.

"कायले द्यायचा त्यायले?" मी बाबाला विचारायची.

"मान आहे थो त्यायचा. अन् बटईच्या बांध्याही त्यायच्याच आहेत ना, बाई."

त्यांची ती भातखाचरं आम्ही अर्ध्या वाट्यानं कसायचो, त्या बांध्यांतल्या धानावर आमची चूल पेटायची. म्हणून मी पाटी उचलायची.

पुढे एस.टी.नं लाखांदूरला कॉलेजात जाऊ लागले. तोवर गोंदिया वेगळं होऊन आमचा जिल्हा अर्धा झाला होता, मान तेवढा अख्खा होता. लायब्ररीत जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिसला. सगळ्यात आधी टँक काढला. पहिलाच अर्थ, हिंदुस्थानातला तलाव! शब्द बहुधा इकडूनच गेलेला, गुजराती-मराठीतल्या टाक्यावरून. पोर्तुगीजांचाही त्यात हात असेल म्हणे. पेट्रोलची टाकी नंतरची. रणगाडा तर सगळ्यात धाकटा. इंग्रजांनी तोफेची नवी गाडी बांधली आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून तिला पाण्याची टाकी म्हणाले. तेच नाव चिकटलं.

आधी हसू आलं. मग संताप. तोफ झाकायची ही युक्ती आमच्या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही लुटीला मान म्हणत होतो.

त्या होळीला जाळ्यात हातभर रोहू आला. बाबानं पाटी माझ्या डोक्यावर ठेवली. मी ती उतरवली आणि मासा वजनकाट्यावर टाकला, विकायच्या मासळीत.

बाबाचा चेहरा पांढराफटक. "बाई, बांध्या जातीन."

"जाऊ दे."

दुपारी सर स्वतः तलावाच्या काठच्या पाळीवर आले. "काहून, मासा नाही आला घरी?"

"काट्यावर आहे, सर. रांगेत लागा."

सरांनी बाबाकडे पाहिलं. बाबा जाळं गुंडाळत राहिला. मासळी घ्यायला लागलेल्या रांगेतली एकही बाई बाजूला सरली नाही.

पावसाळ्याआधी बांध्या दुसऱ्याला गेल्या. धानाच्या रोवणीला मी आणि आई परक्या चिखलात मजुरीनं वाकलो. बाबा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. गोड सांगण्यासारखं यात काही नाही.

पण जाळं पडतं त्या दिवशी मी तलावावर असते. पाटी डोक्यावर घेत नाही. पहिला मासा काट्यावरच जातो, आणि काट्याशी मी उभी असते.