पाठकोरे कागद

डिलाईल रोडच्या चाळीत शेवंतीला स्क्रीननं छापायला शिकवलं ते तिच्या नवऱ्यानं, गुणाजीनं. पंचावन्न सालची दिवाळी नुकती सरली होती. दिवसा तो चिंचपोकळीच्या एका कारखान्यात साबणाच्या खोक्यांवर नावं छापायचा आणि घरी येऊन संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं. एप्रिलात बाबासाहेबांची जयंती. चाळीतल्या प्रत्येक खोलीत त्यांची तसबीर लागावी, तीही शेवंतीच्या हातची, एवढंच त्याच्या मनात होतं.

चौकटीवर ताणलेलं रेशमी कापड, त्यावर कातरून बसवलेला चेहरा आणि वरून रबराच्या पट्टीनं ओढायची शाई. दिसायला सोपं. पण शेवंतीचा हात चष्म्यापाशी अडखळायचा. शाई जास्त झाली की काचा बुजायच्या आणि डोळे मिटल्यासारखे दिसायचे. कोरा कागद मिळायची मारामार, म्हणून ती पाठकोऱ्या, बिघडलेल्या पत्रकांवर हात बसवायची. बिघडले तरी ते चेहरेच. केरात कसे टाकणार? तिनं ते पेटीत लुगड्यांखाली ठेवले.

जानेवारीत शहरात गोळ्या चालल्या. रस्ता ओस पडला. एका दुपारी शेजारचा जयवंत दारातूनच सांगून गेला, की पलीकडच्या चाळीत पोलीस खोल्या झडतायत, पत्रकं शोधतायत. गुणाजीनं घाईघाईनं चौकट धुतली, पेटी उघडली आणि तिथंच थबकला.

"जाळ," तो म्हणाला.

"मागं कोण आहे, बघितलंत?"

"बघितलं. म्हणून तर माझ्यानं होईना."

"जित्या माणसाचं तोंड चुलीत घालू? आपल्या बापाचं?"

"मग मी जातो पोलिसांबरोबर."

जिन्यावर बूट वाजले. शेवंतीनं पत्रकाची बाजू वर करून एकेक कागद चुलीत सरकवला. पण आच लागली की कागद वळायचा, उलटायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा वर यायचा. तिनं सगळे जाळले, वर भाताचं पातेलं चढवलं. हवालदारानं नाक फेंदारून विचारलं, काय जळतंय. भात करपला, असं ती म्हणाली. काही सापडलं नाही. गुणाजी घरी राहिला.

जयंतीच्या तसबिरी देखण्या उतरल्या. माणसं शेवंतीचं कौतुक करत होती आणि ती प्रत्येक तसबिरीचे डोळे तपासत होती. बाबासाहेबांची तब्येत बरी नाही, असं नळावर कुणी बोललं, की तिची घागर भरून वाहायची तरी तिला कळायचं नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी बाबासाहेब गेल्याची बातमी आली. चाळभर आकांत. गुणाजीनं डोळे पुसत चौकट मांडली. दादरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तसबीर हवी होती. शेवंतीनं पट्टी ओढली. पहिल्याच कागदावर काचा बुजल्या.

"आपण जाळलं त्यांना," ती हळूच म्हणाली.

"ते आजारीच होते, शेवंते."

"हो," ती म्हणाली, आणि दुसरा कागद घेतला. पहिला तिनं पेटीत लुगड्यांखाली सरकवला. त्याची पाठ मात्र या खेपेला कोरी होती.