कानातला कापूस

भावोजी,

तुमच्याशी बोलायचं म्हणजे आता कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तुम्ही "काय?" म्हणता, मी पुन्हा ओरडते, खालच्या मजल्यावरच्यांना सगळं कळतं आणि तुम्हाला काहीच नाही. माझ्या घशाला ते झेपत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही आयुष्यात दोन शोध लावलेत आणि दोन्हींवर दुसऱ्याचं नाव लागलं. अशा माणसावर कुणी पुस्तक लिहीत नाही. लिहिलंच तर मेहुणी लिहिते, आणि मेहुणी काही कौतुक करायला बसलेली नसते. राग आला तर येऊ द्या. आता तुमच्याकडे पाठ करून सांगते. माणूस समोर असला की लेखणी उगाच मऊ पडते.

तर हा गृहस्थ टीव्ही बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. तिथल्या लांबलचक खोलीत दिवसभर टीव्हींच्या रांगा चालू असत, सगळ्यांवर एकच चित्र, आणि त्या रांगांच्या मागे स्टुलावर बसून हा एकेका संचाची आतडी बाहेर काढायचा. कारखान्यात त्याला 'सुई' म्हणत. तोंडावर सुईसाहेब, पाठीमागे नुसतंच सुई. कारण कुणी काहीही म्हटलं, आज उकडतंय, चहा पांचट झालाय, तरी ह्याचा एकच प्रश्न: "मोजलं का?" मीटरची सुई दाखवेल तेवढं खरं. बाकी सगळी तोंडाची वाफ.

त्या काळी टीव्हीचं चित्र पळायचं. बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी वर आणि कपाळ खाली, असं ते सरकत राहायचं. मग घरातलं कुणीतरी उठून मागचं बटण पिळायचं, नाहीतर संचाला एक धपाटा घालायचं. सुईने त्याचं मूळ शोधलं. केंद्रावरून चित्राबरोबर एक ठोका येतो, संचाचाही स्वतःचा एक ठोका असतो, आणि दोघांची पावलं जुळली नाहीत की चित्र पळतं. त्याने असं सर्किट बनवलं की संचाचा ठोका जरा भटकला की केंद्राचा ठोका त्याला मानगूट धरून जागेवर आणायचा. बटण पिळायचं कामच उरलं नाही. मालकाने पाठ थोपटली, सगळ्यांना चहा पाजला आणि पेटंटवर आपल्या जावयाचं नाव घातलं.

"पण जावईबापूंना ह्यातलं काय कळतं?" सुईने विचारलं.

"त्यांना कशाला कळायला हवं?" मालक म्हणाले. "तुम्हाला कळतंय ना!"

लग्न त्याच सुमाराला झालं. बायको गाणारी मिळाली. गाणारी म्हणजे शिकलेली वगैरे नाही, कपड्यांच्या घड्या करता करता गाणारी. धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून इथेही ताईच म्हणू. ही धाकटी तेव्हा कॉलेजात होती आणि त्यांच्याकडेच राहायची, त्यामुळे पुढचा प्रकार तिने डोळ्यांनी पाहिला.

एका संध्याकाळी कारखान्यातले चौघे-पाच जण बायकांना घेऊन घरी आले होते. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, म्हणा की काहीतरी." ताई लाजली आणि मग म्हणायला लागली. बरं चाललं होतं. एवढ्यात हा उठला, मागच्या खोलीतून मायक्रोफोन आणि एक मीटर घेऊन आला आणि कपबशा सरकवून ते टेबलावर मांडलं.

"गा, गा. थांबू नकोस," तो म्हणाला. ताई गात राहिली. वरच्या स्वराला मीटरची सुई त्या स्वराच्या रेघेच्या अलीकडेच थांबली. "बघा! मला वाटतच होतं. दर वेळी इथेच. केसभर खाली."

"वहिनी, जरा ढकला की सुईला!" एक पाहुणा म्हणाला, आणि सगळे हसले.

"पुन्हा एकदा," नवरा म्हणाला. "सगळं गाणं नको. फक्त वरचा."

ताईने फक्त वरचा लावला. सुई अलीकडेच. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा तिने लावला, डॉक्टरसमोर 'आ' करावा तसा. शेवटी शेवटी हसायलाही कुणी उरलं नव्हतं, सगळे वाकून मीटर बघत होते. गाणारीकडे बघायची कुणालाच गरज वाटली नाही.

ह्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हे सांगायलाच हवं, कारण त्यानेच ते जास्त वाईट होतं. त्याला वाटलं, आपण तिचा दोष शोधून दिला, आता ती तो दुरुस्त करेल. ताईने दुरुस्त केला. गाणंच बंद केलं. घड्या मुकाट्याने व्हायला लागल्या. घर शांत झालं ते ह्याला कामाच्या दृष्टीने बरंच पडलं.

बरीच वर्षं गेली. ह्याचे केस पिकले. घरोघरी टीव्ही झाला आणि मालकांना नवं काहीतरी विकायला हवं झालं. त्यांनी सुईला बोलावून घेतलं.

"विजेवर वाजणारा ऑर्गन. बैठकीच्या खोलीत मावेल असा. जमेल?"

"जमेल. पण नाव?"

मालकांनी टेबलाच्या खणातून एक पितळी पाटी काढली. तिच्यावर ह्याचं नाव कोरलेलं होतं, आडनावासकट. "व्यापाऱ्यांसमोर चाचणी पार पडली की पाटी ऑर्गनवर. तोवर तुमच्याजवळ ठेवा."

पाटी त्याने दाढीच्या आरशापाशी ठेवली. रोज सकाळी फेसाळलेल्या तोंडाने तो आधी तिच्याकडे बघायचा, मग गालांकडे. ह्या खेपेला जावई आडवा येऊ नये म्हणून ऑर्गन घरीच, मागच्या खोलीत बनवायचा ठरला. खोलीला कुलूप. कारखान्यातल्या एकालाही उंबरठ्याच्या आत घेतलं नाही.

ऑर्गनही त्याने चित्राच्याच युक्तीने बनवला. वरच्या सप्तकातला स्वर पक्का करायचा आणि त्याने खालच्या सप्तकांतल्या आपल्या भावंडांना मानगूट धरून चालवायचं. खालचा कुणी भटकला की वरचा त्याला ओढून आणणार. म्हणजे दर दोन महिन्यांनी स्वर लावून घ्यायला माणूस बोलवायला नको. हे सर्किट अप्रतिम होतं, आणि हे मेहुणीचं मत नाही, नंतर सगळ्यांनीच मानलं.

पण त्याला आणखी एक हौस आली. ऑर्गनला वीज पुरवायला मोठा ट्रान्स्फॉर्मर लागतो. तो इतका जड की ऑर्गन उचलायला दोन माणसं हवीत. टीव्हीत मात्र चित्राच्या नळीला वीज देणारा एक छोटा, हलका भाग असतो. ह्याने तोच काढून ऑर्गनला जोडला. ऑर्गन एका हाताने उचलता यायला लागला. मोठीच गोष्ट होती.

आता तो भाग शिट्टी मारतो. बारीक, फार उंच, दाताच्या मुळाशी सुई टोचावी अशी. तरुणपणी चालू टीव्हीच्या मागे उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. कारखान्यात नव्याने आलेली पोरंपोरी कपाळ धरायची, आणि जुनी माणसं म्हणायची, होईल सवय. सवय-बिवय काही होत नसते. वय वाढतं, आणि वर्षानुवर्षं त्या आवाजात बसून कान तेवढ्या उंचीला मरतात. पण कान गेले असं कोण म्हणेल? सवय झाली म्हणायचं.

ऑर्गन पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी ताई भाजीचे हात घेऊनच दाराशी आली.

"अहो, हे काय किंचाळतंय?"

"काय किंचाळतंय?" तो मोजयंत्राच्या पडद्यावरची रेघ बघत होता.

"शिट्टीसारखं. बारीक. कानात घुसतंय."

रेघेच्या काठाला थोडी लव दिसत होती, एवढी बारीक की भिंगाशिवाय मोजवत नव्हती. "ते फार वरचं आहे," तो म्हणाला. "माणसाला ऐकू येत नाही."

"मला येतंय."

"मोजलंस का?" मान वर न करता तो म्हणाला. "तुझ्या कानांचं मला माहीत आहे. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलंय."

ताई वळली. मग स्वयंपाकघरात गेली, हात धुतले, औषधांच्या डब्यातला कापूस काढला आणि दोन बोळे करून कानांत घातले. त्यानंतर मागच्या खोलीत ऑर्गन चालू असला की हिच्या कानांत कापूस. त्याला ते दिसलं, आणि लागलंही.

"माझं वाजवणं ऐकवत नाही का एवढं?"

"सर्दी झालीय," ताई म्हणाली.

ती सर्दी वर्षभर टिकली. ताईने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. हा पाटी पुसून पुसून चकाकवत होता, ऑर्गनच्या पुढच्या फळीला तिच्या मापाची भोकं पाडत होता, आणि ही कापूस बदलत होती.

चाचणीच्या दिवशी कारखान्याच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. व्यापारी, मालक, जावई, जुने सहकारी आणि त्यांच्या बायका. ताईच्या गाण्याला हसलेल्यांपैकीही दोघे-तिघे होते. शेवटच्या रांगेत ताई, आणि तिच्या शेजारी मेहुणी, मुद्दाम रजा काढून आलेली. सुई ऑर्गन एका हातात घेऊन चालत आला तेव्हा टाळ्या पडल्या. वाजवायला मालकांची सून बसली.

त्याने बटणाला हात घातला आणि सहज समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत ताईने पर्स उघडली होती. ऑर्गन अजून चालू व्हायचा होता, आणि ती शांतपणे कानांत कापूस घालत होती.

त्याने बटण दाबलं.

सुनेने दोन-चार स्वर वाजवले आणि हात उचलले. "ही शिट्टी कसली?"

"शिट्टी?" सुई म्हणाला.

"अहो, ही काय! आत्ता पण चालूच आहे." तिने कानांवर हात ठेवले. तरुण व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. एकाने दात दाबून धरले होते. म्हातारे मात्र "आम्हाला तर काही नाही बुवा" म्हणत होते.

तेवढ्यात चष्मेवाला उठला. हा सुईच्या हाताखालचा इंजिनिअर. ह्याला सुईने येता-जाता 'मोजलं का?' म्हणून सोलून काढलं होतं. तो आत जाऊन आवाज काढायचं तपासणीचं यंत्र घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं.

"सुईसाहेब," तो अगदी अदबीने म्हणाला, "मोजू या का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. हे वाक्य त्याचंच होतं.

त्याला खुर्चीत बसवलं. आवाज ऐकू येतोय तोवर बोट वर धरायचं, थांबला की खाली घ्यायचं. चष्मेवाला बटण फिरवत गेला, आवाज उंच उंच होत गेला, मीटरची सुई उजवीकडे सरकत राहिली. सुईने बोट खाली घेतलं.

"बंद केलंत ना?" तो म्हणाला.

"नाही साहेब. चालू आहे."

"बरं, मग जरा मोठा करा."

"मोठाच आहे साहेब."

"बंद करा हो!" सून ओरडली. "डोकं उठलं माझं!"

हसणारे हसले. अगदी त्या संध्याकाळच्याच चालीवर. कुणीतरी म्हणालं, "साहेब, जरा ढकला की सुईला!" तो मीटरकडे बघत राहिला. सुई रेघेच्या कितीतरी पलीकडे होती आणि त्याच्या कानांत काही नव्हतं. त्याला सुईवर विश्वास ठेवणं भाग होतं.

मालक जवळ आले. "पाटी राहू द्या तुमच्याकडेच," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर तो पुढे चालत होता, दोघी बहिणी मागे.

"ताई, तुला पहिल्यापासून ऐकू येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? सांगितलं की, पहिल्याच दिवशी. मोजून दाखव म्हणाले." ताईने कानातला कापूस काढून पर्समध्ये टाकला. "माझ्याकडे कुठली आलीय सुई?"

त्या संध्याकाळी ताईने दोरीवरचे कपडे काढले, पलंगावर टाकले आणि घड्या करता करता गायला लागली. इतक्या वर्षांनी. वरचा स्वर अजूनही केसभर खाली होता. तेवढं त्याला ऐकू येत होतं, गाण्यातलं सगळंच ऐकू येत होतं. त्याने तोंड उघडलं. ताईने शर्टाची बाही सरळ करता करता त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

पुढे चष्मेवाल्याने तो हलका भाग काढून जुन्या पद्धतीचा ट्रान्स्फॉर्मर बसवला. ऑर्गन पुन्हा दोघांनी उचलायचा झाला आणि शिट्टी गेली. सप्तकांचं सर्किट मात्र जसंच्या तसं ठेवलं, आणि त्यावर ऑर्गन भरपूर खपला. फळीवरच्या भोकांत जावयाची पाटी नीट बसली. सुईला परत आलेले बिघडलेले संच उघडायला मागच्या शेडमध्ये बसवलं. तिथेच त्याची नोकरी संपली आणि तिथेच उरलेले कानही. घरची पितळी पाटी ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत खोचली. तिथून वारं यायचं.

मागच्या खेपेला मेहुणी त्यांच्याकडे गेली होती. निघताना भावोजींनी तिला बाहेरच्या खोलीत थांबवलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. त्यांना वाटलं, आपण कुजबुजतोय.

"एक काम करशील? तिला विचार. आपल्या नवऱ्याचं नाव लागायचं होतं. एकदा, एकदा तरी तिने मला सांगायला नको होतं का?"

ह्या माणसाला तो दिवस आठवतच नव्हता. दारातली बायको, भाजीचे हात, काहीच नाही. बायको काही बोलली होती ह्याची त्याच्याकडे नोंद नव्हती.

"तुम्हीच विचारा की!" ती ओरडली.

"मला ती सर्दी झालीय असंच सांगेल. तू विचार."

"बरं, विचारते!"

ती स्वयंपाकघरात गेली. ताई मटार सोलत होती आणि गुणगुणत होती. मेहुणी समोर बसली, चार शेंगा स्वतःकडे ओढल्या.

"काय म्हणत होते?" ताईने विचारलं. इतका वेळ ते सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलत होते.

"काही नाही. वारं येतंय म्हणाले."

"पाटी सरकली असेल," ताई म्हणाली, आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

मटार संपले. ताईने टरफलं कागदात गुंडाळून मेहुणीच्या हातात दिली, जाता जाता टाक म्हणून. ती तिने कोपऱ्यावरच्या डब्यात टाकली आणि बस पकडली. दुसरं काम तसंच राहिलं.