मागच्या काचेखाली ठेवलेल्या रेकॉर्ड

उन्हाळ्यात बंद गाडीत काय ठेवू नये, हे दुबईतल्या केजीतल्या पोरालाही ठाऊक असतं. चॉकलेट ठेवू नये, औषधं ठेवू नयेत, परफ्यूम तर मुळीच ठेवू नये. मी इथे इतकी वर्षं काढलीत की नव्याने आलेल्यांना हे मीच समजावतो, तेही न विचारता. रेकॉर्ड ठेवू नयेत, हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुबईत रेकॉर्ड घेऊन हिंडणारा मनुष्य माझ्या पाहण्यात एकच आणि तो मी.

रेकॉर्ड पप्पांच्या. तरुणपणी ते मुंबईत एका लहानशा हॉटेलात स्टुअर्ड होते. साठचं दशक संपत आलं होतं आणि त्या हॉटेलात लांब केसांची गोरी पोरं उतरायची, गोव्याला जाता-येता. पैसे संपले की ती गिटार विकायची, घड्याळ विकायची, आणि विकायलाही काही उरलं नाही की टिप म्हणून पप्पांच्या हातावर रेकॉर्ड ठेवून निघून जायची. प्रवासात रेकॉर्ड घेऊन कोण हिंडतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण माझ्यासारख्याने तो प्रश्न विचारू नये. तर अशा रीतीने वसईच्या आमच्या घरात, जिथे तोवर चर्चची गायनं आणि लग्नातला ब्रास बँड एवढंच संगीत होतं, तिथे विलायतेतला आणि अमेरिकेतला रॉक आणि फोक येऊन पडला. आईने आधी नाक मुरडलं. मग ती कोलंबी सोलता सोलता सगळं गुणगुणायला लागली. इंग्रजी तिला येत नव्हतं. त्याने तिचं काही अडलं नाही.

त्यातली एक फोकची रेकॉर्ड घरात सगळ्यात लाडकी. एक माणूस, एक गिटार, मधूनच माउथ ऑर्गन. तिच्या दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं आणि त्या गाण्यावर मुळातच एक ओरखडा होता. तिथे आली की सुई अडकायची आणि तो बिचारा गायक तीच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहायचा. पप्पा शेजारच्याच खुर्चीत असायचे, बोट वर करून तयार, पण ढकलायचे नाहीत. थांबायचे. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "अहो, ढकला ना ती." की पप्पा बोटाने सुई अलगद पुढे सरकवायचे. लहानपणी मला वाटायचं, गाणं तसंच आहे. कॉलेजात एका मित्राकडे तेच गाणं सलग ऐकलं तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझी कॉपी खराब आहे."

गेल्या वर्षी आई गेली. मी पप्पांना व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं, अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये. ते आले ते गप्पच आले. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, घसा ठीक, डोकंही ठीक. "ही इज जस्ट नॉट टॉकिंग." एवढं ऐकायला इन्शुरन्सची परवानगी काढावी लागली होती. पप्पा हॉलमधल्या खिडकीशी बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मेट्रोकडे बघायचे. जेवायचं का? मान हलायची. नको? हात हलायचा. आम्ही बोलायचो आणि ते ऐकायचे, जसं लिफ्टमधलं संगीत ऐकतात.

एका संध्याकाळी मला अक्कल सुचली. मी फोनवरून स्पीकरला तेच गाणं लावलं. स्वच्छ, धुऊन पुसून काढलेलं. पप्पा मेट्रोकडेच बघत होते. गाणं त्या जागेपाशी आलं आणि पप्पांचं बोट खुर्चीच्या हातावरून वर उठलं.

गाणं पुढे निघून गेलं. तिथे ओरखडा कुठला? बोट तसंच हवेत राहिलं आणि मग हळूच खाली आलं.

"बघितलंस?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

बघितलं होतं. जेवण आणि बाथरूम सोडून पप्पांनी स्वतःहून केलेली ती पहिली हालचाल होती. मी तिथल्या तिथे ठरवलं, पप्पांना बोलतं करायचं तर तीच रेकॉर्ड हवी. ओरखड्यासकट.

"डॅडा, यू आर नॉट अ डॉक्टर," आमची मुलगी म्हणाली. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

मी एका मायदेशी परतणाऱ्या गोऱ्याकडून जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला. दिरहममध्ये स्वस्त वाटला. बायकोने मोठ्याने रुपये करून सांगितले तेव्हा महाग वाटला. वसईला बहिणीला फोन केला, की येणाऱ्या कुणाहाती रेकॉर्ड पाठव. इथे आमची कुरिअर सेवा म्हणजे चर्च. गावाहून आलेला माणूस मिस्सा संपली की आवारात उभा राहतो आणि ज्याचं त्याचं ज्याला त्याला देतो. कुणाचं लोणचं, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाच्या पोरीचं लग्नाचं ब्लाउज. माझं खोकं एका पिशवीतून आलं. बहिणीने प्रेमाने त्याच पिशवीत सुकटही घातली होती, चांगली किलोभर.

आता माझं डोकं कसं चालतं ते बघा. सुकटीचा वास रेकॉर्डच्या कव्हरांना लागला तर? पन्नास-पंचावन्न वर्षं जपलेली कव्हरं. म्हणून सुकट मी डिकीत टाकली आणि रेकॉर्डचं खोकं, वासापासून लांब, गाडीच्या मागच्या काचेखालच्या फळीवर आडवं ठेवलं. हवा लागावी म्हणून खोक्याचं झाकणही उघडून ठेवलं. आणि चहाला गेलो.

चहाच्या टेबलावर गावच्या चौघांनी विचारलं, खोक्यात काय आहे. हे त्यांनी विचारायला नको होतं. मी त्यांना तो सगळा काळ समजावून सांगितला. की तेव्हा अल्बम म्हणजे सुटी गाणी नव्हेत, अख्खी एक गोष्ट असायची. पहिली बाजू संपली की उठून उलटायची, तेवढा वेळ शांतता, तीही ऐकायची. की फोकवाले हातात इलेक्ट्रिक गिटार घ्यायला लागले तेव्हा लोक कसे खवळले. की युद्ध चालू होतं आणि ही पोरं ते गाण्याने थांबवायला निघाली होती.

"थांबलं का?" एकाने विचारलं.

"त्यांच्या गाण्याने नाही," मी म्हणालो, आणि आणखी एक चहा मागवला.

मी आत त्या अल्बमांवर बोलत होतो आणि बाहेर ते अल्बम काचेखाली शिजत होते.

घरी येऊन पहिली रेकॉर्ड बाहेर काढली. कडेने लाटा आल्या होत्या, तळताना पापड वळतो तशा. दुसरीचा वाडगा झाला होता. बायकोने तो हातात घेऊन फिरवला.

"यात भेळ छान राहील," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने तो खाली ठेवला.

फोकची रेकॉर्ड सगळ्यात वर होती. साहजिकच.

इंटरनेटवर एका माणसाने लिहिलं होतं, दोन काचांमध्ये ठेवून ओव्हनमध्ये मंद तापवा. मी टीपॉयची काच काढली. ती ओव्हनमध्ये मावेना. दुसऱ्याने लिहिलं होतं, वजनाखाली ठेवा, धीर धरा. मी सगळ्या रेकॉर्ड जमिनीवर रचून वर बासमतीची पोती ठेवली. आठवडाभर धीर धरला, मग संपला.

प्लेअरवर ठेवली तेव्हा तबकडी बर दुबईच्या खाडीतल्या अब्रा होडीसारखी वर-खाली होऊ लागली. गायकाचा आवाज लाटेबरोबर चढायचा, उतरायचा. मधेच सुई उडाली आणि गाण्याच्या अर्ध्यात जाऊन पडली. ओरखडा मागेच राहिला. पप्पांचं बोट हललं नाही. त्यांनी मान वळवून प्लेअरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मेट्रोकडे.

तेव्हा मुलगी म्हणाली, "आय कॅन मेक इट गेट स्टक." स्वच्छ गाणं लॅपटॉपवर घेऊन, आजोबांचं बोट जिथे उठलं होतं तिथे तीच अर्धी ओळ फिरत ठेवायची, आणि त्यांनी ढकललं की बटण दाबून पुढे सोडायची. मला माझ्या पोरीचा अभिमान वाटला. गाढव बापाच्या पोटीही हुशार पोरं जन्मतात.

शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर बसवलं. पप्पांच्या खुर्चीशेजारी प्लेअर, त्यावर ती वाकडी रेकॉर्ड नुसती देखाव्याला फिरती, आणि आवाज स्पीकरमधून. गाणं सुरू झालं. ती जागा आली. अडकलं. अर्धी ओळ, पुन्हा अर्धी ओळ.

पप्पांचं बोट उठलं. मुलीचं बोट बटणावर. पण पप्पा ढकलेनात. गाणं अडकून राहिलं आणि ते थांबून राहिले. मग त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

मला कळलं ते कशासाठी थांबलेत. इथे शहाण्या माणसाने गाणं बंद केलं असतं. मी उठलो, पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो, ओट्याशी उभा राहिलो आणि शक्य तितका आईसारखा आवाज काढून म्हणालो, "अहो, ढकला ना ती."

बायकोने तोंडावर हात ठेवला. बाहेर अर्धी ओळ चालूच होती. मी दाराशी आलो. पप्पा माझ्याकडेच बघत होते.

"ती गेली रे," पप्पा म्हणाले. आवाज घोगरा, न वापरलेला. "मला ठाऊक आहे. मी पुरली तिला. तू कशाला ओरडतोस?"

मुलीने बटणावरचं बोट तसंच धरून ठेवलं होतं.

"बंद कर ते," पप्पा म्हणाले.

तिने लॅपटॉप मिटला. पप्पांनी खुर्ची स्वतःच खिडकीकडे ओढून घेतली. त्यानंतर ते पुन्हा बोललेले नाहीत. आता मी मेट्रो सोडून दुसरं काही दाखवायला गेलो की डोळे मिटून घेतात, जे आधी करत नव्हते.

त्याच रात्री बहिणीचा फोन आला होता. "बोलले का पप्पा?"

"बोलले."

"अगं बाई. काय म्हणाले?"

"बंद कर म्हणाले."

मी रेकॉर्डचं तिला अजून सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही.

"सुकट तरी नीट पोचली ना?" ती म्हणाली.

"एकदम नीट," मी म्हणालो. "डिकीत होती."