नाझारेनाच्या हातची गोडी

नाझारेनाची वाइन कडू निघाली! हे सांगताना आजही माझी जीभ अडखळते. ईस्टरला चर्चची घंटा वाजली नसती, तर आमच्या मोन्तेफाल्को गावानं एकवेळ खपवून घेतलं असतं. पण हे?

मी तिची शेजारीण, तिला वर्षानुवर्षं पाहत आलेली. घराच्या भिंतीवर चढवलेल्या वेलीची साग्रांतीनो जातीची द्राक्षं ती स्वतः खुडायची, माळ्यावर वेताच्या चटयांवर सुकवायची, सडका मणी दिसला की शिव्या हासडत फेकून द्यायची. त्या सुरकुतलेल्या द्राक्षांची काळीभोर गोड वाइन ईस्टरच्या आदल्या दिवशी टोपलीतून चर्चमध्ये आशीर्वादाला जायची आणि दुसऱ्या दिवशी कोकराच्या मटणाबरोबर घोटभर मिळावी म्हणून अख्खी आळी तिच्याकडे जमायची. "हाताला गोडी लागते, बाई!" असं ती म्हणायची. जिभेला मात्र तिच्या ती कधी नव्हती.

ती जीभ चालायची नवऱ्यावर. सेत्तीमियो म्हणजे गरीब गाय. कमरेला लोकरीचा पट्टा बांधून चुलीपाशी बसलेला असायचा. "इकडची काडी तिकडे करत नाहीस, मग कंबर कशानं रे दुखते तुझी?" ती चारचौघांत विचारायची.

"बसून बसून दुखते," तो म्हणायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. गेल्या वर्षी द्राक्षं खुडायच्या आधीच तो गेला.

यंदा पहिला घोट त्याच्या बहिणीनं, आर्जियानं घेतला. तिचं तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं, हिला झटका आला. मग मी प्याले. जीभ टाळूलाच चिकटली! गोडीचा मागमूस नाही. हिरव्या अक्रोडाची साल चावल्यासारखं तोंड झालं.

"माझ्या वाइनच्या बुधल्याला कुणी हात लावला?" नाझारेना किंचाळली.

"वहिनी, बुधला ठेवला कुठे होता?" आर्जियानं विचारलं.

"हा काय, चुलीपाशी. इथेच भरला. त्याच्या खुर्चीशेजारी. तळघराच्या पायऱ्या मला झेपत नाहीत. आणि तेवढीच सोबत."

"हिवाळाभर उबेत? थंडीत बाहेर नाही काढला?"

"बाहेर कशाला काढायचा?"

मला राहवेना. "अगं, सेत्तीमियो काढायचा ना! उत्तरेचा वारा सुटला की तळघरातून उचलून मागच्या भिंतीपाशी आणायचा. माझ्या खिडकीतून दर हिवाळ्यात दिसायचा. मला वाटलं, तूच सांगतेस!"

"मी?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मी तर विचारायचे, गारठ्यात काय करत होतास? म्हणायचा, हवा खात होतो."

"आमचे बाबाही तेच करायचे," आर्जिया हळूच म्हणाली. "उबेत वाइन आपली साखर आपणच खात सुटते. थंडीत झोपी जाते, मग गोडी उरते. तुला ठाऊक नव्हतं, वहिनी?"

कुठून ठाऊक असणार? नाझारेना डोंगरातल्या गावची, तिकडे द्राक्षच पिकत नाही. सासूनं शिकवलं, पण ते तळघराच्या दारापर्यंतच. पुढचं सगळं त्यानं न बोलता निभावलं आणि कौतुक हिच्या हाताचं होऊ दिलं.

नाझारेना ताडकन उठली. वेताच्या टोपलीतल्या त्या काचेच्या बुधल्याला तिनं मिठी मारली आणि जोर लावला. बुधला जागचा हलेना. मी धरला, आर्जियानं धरला. तिघींनी मिळून कसाबसा उंबऱ्यापर्यंत नेला. माझ्या कमरेतून कळ निघाली.

"हा तो एकटा उचलायचा?" नाझारेनानं विचारलं. "पायऱ्या चढून?"

मी होकारार्थी मान हलवली. ती उंबऱ्यावरच बसली.

"बसून बसून दुखते म्हणायचा गं."